आवाज दिसायचा ते दिवस

नागपंचमी झाली की कोसाडच्या आमच्या वसाहतीला ओल्या गव्हाचा वास येऊ लागतो. हे रोटाचे, म्हणजे कानबाई देवीच्या नैवेद्याचे गहू. बायका ते निवडतात, धुतात आणि गच्चीवर जुन्या सुती साड्या अंथरून त्यांवर पसरतात. श्रावणातल्या उन्हाचा भरवसा नसतो, म्हणून दर अर्ध्या तासाला कुणीतरी चार जिने चढून वर धावत जातं आणि साडीची टोकं धरून गहू आत ओढतं. पुढच्या रविवारी कानबाई बसायची असते. खानदेशातून सुरतेला आलेल्या आम्हा लोकांचा सगळ्यात मोठा सण तो. दिवाळीला कामाला सुट्टी असते म्हणून आम्ही दिवाळी करतो. कानबाईला सुट्टी नसते, तरी आम्ही कानबाई करतो.

यंदा गहू वाळत घातले त्या दिवशी शेजारची मंगलमावशी दारात आली. माय उंबऱ्याशीच बसून सुपात गहू पाखडत होती. मावशीनं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "नंदा, तुन्ही माय गाना म्हनाले येई का वं?"

पूर्वी हा प्रश्न कुणी विचारत नसे. कानबाईची गाणी मायच सांगायची. तिनं ओळ सोडायची आणि पन्नास बायकांनी ती झेलायची, असं मी जन्मापासून पाहत आले होते. आणि विचारायचंच झालं असतं तर तिला विचारलं असतं, मला नाही. पण मायला आता ऐकू येत नाही. मावशीच्या प्रश्नाला ती सुपातल्या खड्यांकडे बघत राहिली, कारण मावशीचं तोंड तिच्याकडे नव्हतं.

मी म्हटलं, विचारून सांगते. मावशी गेली. पण मी काही लगेच विचारलं नाही. सूप खालीवर होत होतं, गव्हाचा आवाज येत होता, सरसर, सरसर. तो आवाज आम्हा दोघींत आता मला एकटीलाच ऐकू येतो, हे मनात आलं आणि चार वर्षांपूर्वीचा श्रावण समोर उभा राहिला.

*

त्या श्रावणात माझा भाऊ भूषण एक काळा डबा घेऊन घरी आला होता. तो साड्यांवर भरतकाम करणाऱ्या मशीनवर ऑपरेटर आहे. त्याच्या युनिटमधल्या कुणाचा तरी तो जुना व्हिडिओ गेम होता. डब्याला दोन माईक होते. टीव्हीला जोडला की पडद्यावर गाणं सुरू व्हायचं, खाली शब्द यायचे आणि मधून राखाडी पट्ट्या सरकत जायच्या, कधी वरच्या, कधी खालच्या. तुम्ही माईकमध्ये गायलात की एक बाण उमटायचा. सूर बरोबर लागला तर बाण पट्टीवर बसायचा आणि पट्टी रंगानं भरायची. चुकला तर बाण पट्टीच्या वर नाहीतर खाली तडफडत राहायचा. शेवटी पाचपैकी किती चांदण्या मिळाल्या ते दिसायचं.

मला गाणं येत नाही हे मला शाळेच्या प्रार्थनेपासून ठाऊक होतं. बाई मला दुसऱ्या रांगेत उभं करून नुसतं तोंड हलवायला सांगायच्या. पण येत नाही हे ठाऊक असणं निराळं आणि ते पडद्यावर रंगीत दिसणं निराळं. पट्टी वर गेली की मी जोर लावायची, आवाज मोठा व्हायचा, पण बाण तिथंच. मोठं म्हणजे उंच नव्हे, हे मला त्या डब्यानं शिकवलं. भूषण हसून हसून आडवा पडायचा. तो मित्रांशी बोलतो तसं गुजरातीत म्हणायचा, "बेन, रेवा दे." ताई, राहू दे. मी राहू देत नसे. चिडून पुन्हा गायची आणि पुन्हा एकच चांदणी मिळायची.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी भूषणनं मायच्या हातात माईक दिला. आता बघा, असा सगळ्यांचा चेहरा. दारात मंगलमावशीही उभी होती. गाणं जुनं हिंदी होतं, मायला रेडिओच्या काळापासून पाठ असलेलं. तिनं डोळे मिटून सुरुवात केली आणि बाण पट्टीच्या खाली गेला. खाली म्हणजे बराच खाली. मग वर आला, पट्टी ओलांडून गेला, पुन्हा घसरला. गाणं संपलं तेव्हा तिला एकही चांदणी मिळाली नव्हती. मला निदान एक मिळायची.

भूषण म्हणाला, "माय, तू तं पाताळात गयी." नाना, म्हणजे माझे वडील, लूमवर तीस वर्षं काढलेले, खाटेवरून ओरडून म्हणाले की मशीनचा पट्टा ढिला असेल, फिटरला बोलवा. सगळे हसले. मायही हसली. हसताना ती आमच्या एकेकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "हाऊ बाण मन्हासंगे काबर भांडस?" हा बाण माझ्याशी का भांडतो?

आम्ही अजून जोरात हसलो.

त्या हसण्याचा आवाज आजही माझ्या कानात आहे. तिनं तो ऐकला नव्हता, नुसता पाहिला होता. हे मला फार उशिरा कळलं.

*

आम्हाला आधी का कळलं नाही, हे आमच्यासारख्या घरात राहिल्याशिवाय समजायचं नाही. सुरतेत लूम चालतात त्या शेडला खातं म्हणतात. माय अशाच एका खात्यात दोऱ्याला पीळ देणाऱ्या मशीनवर काम करायची. तिथं बारा तास इतका आवाज असतो की शेजारी उभ्या माणसाला हाक मारून उपयोग नाही. म्हणून खात्यातल्या बायका बोलतात ते ओठांनी आणि हातांनी. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. कपाळावर आडवा हात म्हणजे शेठ आला. दोन बोटांची कात्री हवेत चालवली की दोरा तुटला. बाकी सगळं, कुणाच्या पोरीला पाहुणे आले, कुणाच्या नवऱ्यानं काय केलं, ते ओठांवरून वाचायचं. लहानपणी मी डबा द्यायला गेले की दारातून मला दिसायचं, वीस बायका आवाज न करता हसताहेत.

आणि घरी सगळेच ओरडून बोलतात. नानांचे कान लूमनं केव्हाच नेले होते, ते तर दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असे बोलत. आमच्या मजल्यावर कुणी हळू बोललं तर त्याला बरं नाही असं समजत. अशा ठिकाणी कुणाला ऐकू येत नाही हे कळणार कसं? माय समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलायची. मी बोलत असले की हातातलं काम थांबवायची, माझ्या तोंडावरून नजर काढायची नाही. कॉलेजातल्या मैत्रिणींच्या आया स्वयंपाक करता करता, पाठ वळवून उत्तरं देत. मला माझ्या मायचा अभिमान वाटायचा. मला वाटायचं, माझं बोलणं तिला इतकं मोलाचं वाटतं.

*

माझं त्या वेळी वय वीस. वाचायला मी शिकले ती पत्रकांवर. नाना खात्यातून येताना घडी घातलेली पत्रकं आणायचे: कामाच्या तासांची, बोनसची, अंधश्रद्धेविरुद्धची, कधी पाण्याच्या मोर्च्याची. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती. मी जमिनीवर पालथी पडून "कामगार बंधू-भगिनींनो" इथून सुरुवात करायची. त्यामुळे जगात जे काही दिसेल त्यात मालक कोण आणि मजूर कोण हे आधी शोधायची मला सवय लागली. ती सवय वाईट नाही, आजही मी ती सोडलेली नाही. पण तिच्यामुळे एक होतं. उत्तर सापडलं की आपण पुढं बघत नाही.

त्या डब्यातही मला मालक दिसला.

मायची गाणी त्या पट्ट्यांवर बसणारी नव्हतीच. कानबाईच्या गाण्यात आवाज दोन पट्ट्यांच्या मधून जातो, ओळीच्या शेवटी जरा खाली वाकतो, बायका श्वास घेतात तिथं गाणंही थांबतं. हे कुठल्या पेटीत सापडत नाही. मग कुणी दूरदेशी बसून पट्ट्या आखायच्या आणि माझ्या मायनं त्यांवर बाण बसवायचा, नाही बसला तर आम्ही तिला हसायचं, हे कुठलं न्यायाचं? मी हे भूषणला ऐकवलं. तो म्हणाला, हिंदी गाणं होतं गं, कानबाईचं कुठं होतं. मी म्हटलं, मुद्दा तो नाही.

मग एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. मायची त्या दिवशी खात्याची साप्ताहिक सुट्टी होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत माय टीव्हीसमोर, अगदी दोन हातांवर, मांडी घालून बसली होती आणि गात होती. गाणं तेच, जुनं हिंदी. पण खोलीत तिच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. ना पेटी, ना तबला. सकाळी फोनवर बोलताना मी टीव्हीचा आवाज बंद केला होता, तो तसाच होता.

ती डोळे मिटून गात नव्हती. तिचे डोळे बाणावर होते. बाण खाली गेला की तिच्या गळ्याची शीर ताणायची, हनुवटी वर जायची, आणि बाण हळूहळू चढून पट्टीवर यायचा. तिथं आला की ती त्याला धरून ठेवायची, भरलेली घागर डोक्यावर धरावी तशी, मान न हलवता. पट्टी भरत जायची. घामानं तिची पाठ ओली झाली होती.

मी रिमोट उचलून आवाज वाढवला. खोली एकदम सुरावटीनं भरून गेली. मायनं वळून पाहिलं नाही.

त्या क्षणी सगळं माझ्या समोर होतं. बंद आवाज, तिची न वळलेली मान, बाणावर खिळलेले डोळे. एखादं शेंबडं पोरही ओळखेल असं. आणि मला काय दिसलं? मला दिसलं की पन्नास बायकांना जी गाणं देते, ती एका मशीनकडून चांदण्या मागत बसली आहे. गाणं संपलं. पडद्यावर तीन चांदण्या आल्या. मायनं त्या बोटानं मोजल्या. मग तिला मी दिसले, आणि चोरी पकडल्यासारखी ती उठून स्वयंपाकघरात गेली.

मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग.

*

मी एक पान लिहिलं. वर मथळा दिला: "आमचा सूर कोण मोजणार?" गच्चीवर बायका गहू निवडत बसल्या होत्या, तिथं मी ते उभं राहून वाचलं. आपल्या आयांनी जात्यावर, शेतात, खात्यात जी गाणी जपली त्यांना कुणाच्या पट्टीची गरज नाही, असं काहीसं होतं. ते खोटं नव्हतं. आज वाचलं तरी मला त्यातलं एकही वाक्य खोटं वाटणार नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वाजवताहेत हे पाहून मायनंही वाजवल्या. मी तिला विचारलं, पटलं ना? ती म्हणाली, "छान लिखं वं माय." आमच्याकडे आई मुलीला लाडानं मायच म्हणते.

मी पान धरून वाचत होते. माझं तोंड पानाआड होतं.

मग मी भूषणच्या मागे लागले की हा डबा घरातून जाऊ दे. तो दोन दिवस ऐकत नव्हता. तो म्हणाला, "नंदा, माय खेळते त्याच्याशी. सुट्टीच्या दुपारी एकटी खेळते. तुला काय त्रास आहे?" मी म्हटलं, तोच त्रास आहे. मी अपमान, गुलामी असे बरेच शब्द वापरले. भूषण दहावीनंतर शिकला नाही, वादात तो माझ्यापुढं टिकत नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं डबा, दोन्ही माईक, सगळ्या तारा पिशवीत घातल्या आणि ज्याचा होता त्याला देऊन आला.

माय कामावरून आली. टीव्हीखालची जागा रिकामी होती. हातपाय न धुता ती तिथं बघत उभी राहिली.

"डबा कोठे शे?"

मी तिला समोर बसवलं आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. तिच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक मुद्दा. तिनं त्यातला शब्द न् शब्द वाचला असणार. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "बरं." आणि भाजी चिरायला बसली.

 मी तिला विचारायला हवं होतं की ती त्या बाणात काय बघत होती. मला वाटलं, मला ते माहीत आहे.

*

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली. आमच्या मजल्याच्या मोकळ्या जागेत चौरंग, त्यावर नारळाची देवी, नथ, डोळे, हिरवी साडी, शेजारी कणकेचे दिवे. पुरणाचा आणि गंगाफळाच्या भाजीचा वास. लहान असताना मला वाटायचं, कानबाई म्हणजे कानांची बाई, ती सगळ्यांचं ऐकते. मायनं पदर खोचला, देवीला हात जोडले आणि पहिली ओळ सोडली.

पहिली ओळ नीट गेली. तीस वर्षांची सवय होती. बायकांनी ती झेलली. ढोलकी सुरू झाली, झांजा सुरू झाल्या, पन्नास आवाज एकदम उठले, आणि दुसऱ्या ओळीला मायचा आवाज त्या गर्दीत जत्रेतल्या पोरासारखा हरवला. तो खाली घसरला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्याही खाली आल्या. तो वर गेला, त्या वर गेल्या. मग त्यांना जमेना. अर्ध्या बायका एका सुरात, अर्ध्या दुसऱ्या, आणि माय तिसरीकडेच. ढोलकीवाली थांबली.

मायला ते ऐकू आलं नाही. तिनं पाहिलं की मंगलमावशीचं तोंड मिटलं आहे. मग तिच्या शेजारचीचं. मग माझं. तिनं गाता गाताच समोरच्या भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीवर काही नव्हतं, वसाहतीचा पिवळा रंग आणि पावसाची ओल. ती तिथं काहीतरी शोधत होती. वर, मग जरा खाली, मग पुन्हा वर.

मग ती थांबली. तिनं मंगलमावशीकडे बघून उजवा हात वर केला आणि दोन बोटांची कात्री हवेत एकदा चालवली. दोरा तुटला.

खात्यातल्या बाईला ते सांगावं लागत नाही. मंगलमावशीनं पुढची ओळ धरली, बायकांनी ती झेलली, गाणं चालू झालं. माय उठली आणि दिव्यांत तेल घालत राहिली, जे दिवे भरलेले होते.

*

सोमवारी विसर्जन करून आम्ही घरी आलो. माय ओले केस पुसत होती. मी तिच्यासमोर बसले आणि काल काय झालं ते विचारलं. तिनं टॉवेल मांडीवर ठेवला.

"माले मन्हा आवाज आयकाले येस नही," ती म्हणाली.

दोन वर्षं झाली होती. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग फोन. आमची तोंडं दिसतात म्हणून आमचं चालून जात होतं. पण स्वतःचं तोंड कुणाला दिसतं? आपण काय गातो, कुठं गातो, हे तिला गळ्याच्या कंपावरून जेवढं कळेल तेवढंच. मी विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, खात्याच्या मास्तरला, मुकादमाला, कळलं तर? बहिरी बाई मशीनवर कोण ठेवेल? तिला हे वाटायचं, त्याच मशीननं तिला बहिरं केलं असताना. हे मी तिला म्हणाले नाही. 

मग तिनं टीव्हीखालच्या रिकाम्या जागेकडे हात केला.

"तठे माले मन्हा आवाज दिखे."

तिथं मला माझा आवाज दिसायचा. रागानं नाही, साधं सांगितलं. कानबाईच्या आधी तिला तो पुन्हा रुळावर आणायचा होता. बाण खाली असला की गळा किती ताणायचा, वर असला की किती सोडायचा, हे ती पाठ करत होती. अजून आठवडा मिळाला असता तर, म्हणाली, बहुतेक जमलं असतं. चांदण्यांचं तिला काही नव्हतं.

ज्याला मी मालकाची मोजपट्टी म्हणाले तो माझ्या मायचा आरसा होता. आणि तो मी तत्त्वासाठी फोडला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना यंत्र लावलं आणि एक कागद दिला. त्यावर एक रेघ होती, डावीकडून निघून उजवीकडे खाली खाली जाणारी. नस गेली आहे, ते म्हणाले, आवाजाच्या कामानं जाते, परत येत नाही. बाहेर येऊन मायनं तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "कानबाईनी कान लई लिधात." कानबाईनं कान घेतले. आणि स्वतःच्याच विनोदावर हसली. मी कागदाची घडी घातली. घालताना चुकली, पुन्हा घातली.

कानातलं मशीन मिळालं. ते तिनं खात्यात लावलं तर डोक्यात हातोडे बसायला लागले, घरी लावलं तर नानांचं ओरडणं. ते आता कुंकवाच्या डबीशेजारी असतं. भूषण बिचारा डब्याचा शोध घेत फिरला. तो ज्याला दिला होता त्यानं पुढं दिला होता, पुढच्याला आठवत नव्हतं. मी फोनवर तसाच एक गाण्याचा गेम उतरवून तिच्यासमोर धरला. पडदा तळहाताएवढा, बाण मुंगीएवढा, आणि तो आवाजाच्या मागून यायचा. माय दोनदा गायली. मग तिनं फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, आता राहू दे.

त्यानंतर मी आणखी एक पत्रक लिहिलं, खात्यांमधल्या आवाजाबद्दल, कानात घालायच्या बोळ्यांबद्दल, तपासणीबद्दल. ते अमरोलीपासून कडोदऱ्यापर्यंत खात्यांच्या दारांत वाटलं. लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं. काही बायका कानात सुताचे बोळे घालायला लागल्या, निदान आमच्या ओळखीच्या. ते लिहिताना मी प्रत्येक ओळ मायसमोर बसून, तिच्याकडे तोंड करून तिला सांगितली आणि विचारलं, असं आहे का? दोन ठिकाणी ती नाही म्हणाली. मी त्या ओळी खोडल्या. ते पत्रक माझ्या हातून झालेल्यांत सगळ्यात बरं आहे. त्याला मायचं नाव नाही. तिनं घालू दिलं नाही, ती अजून कामावर जाते.

*

यंदा मंगलमावशी विचारून गेली त्या संध्याकाळी मी मायसमोर बसून तिला सांगितलं.  ती म्हणाली, बसवताना नको. देवी नदीवर न्यायच्या वेळी म्हणेन, चालता चालता. तिथं गर्दी असते.

सोमवारी सकाळी आम्ही तापीकडे निघालो. पाऊस नव्हता, नुसतं दमट होतं. पुढं चौरंग, मागं बायका, रस्त्याच्या कडेला मोटरसायकली थांबलेल्या. मंगलमावशी ओळ सोडत होती. माय माझ्या डाव्या हाताला होती आणि गात होती. मोठ्यानं, मन लावून, आणि गाण्यापासून इतकी दूर की ते कुठलं गाणं आहे हे शब्दांवरूनच कळावं. आजूबाजूच्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त आपले आवाज थोडे चढवले, एखादीचा पदर सरकला तर बाकीच्या आडोसा करतात तसे. मायला तो आडोसा दिसत नव्हता.

पुलाच्या अलीकडे तिनं माझा हात धरला, चालणं हळू केलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बराबर शे ना?"

मी तिच्याशी खोटं बोलणार नाही असं चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तिचे डोळे माझ्या ओठांवर होते. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. बराबर शे.

तिनं मान डोलावली आणि पुढचं कडवं सुरू केलं. बायका अजून मागच्याच कडव्यावर होत्या.